न वाचलेली यादी

मुलीच्या सासरी, पुण्याला, एका बाईंनी मला विचारलं, “तलाठी म्हणजे नेमकं काय करतात हो?” त्यांच्या घराण्यात शेती नव्हती, त्यामुळे प्रश्न मनापासूनचा होता. मी थोडा विचार केला आणि म्हणालो, “याद्या करतो.” त्यांना वाटलं मी गंमत केली.

पण ते खरं होतं. गारा पडल्या, पाऊस उलटला, वीज पडून बैल गेला, की सरकारकडून मदत येते. ती कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी कोणीतरी वावरात जाऊन बघावं लागतं. आमच्या वाशिम जिल्ह्यात शेताला वावर म्हणतात. तिथं जे दिसलं ते चार माणसांसमोर लिहून काढलं की त्याचा पंचनामा होतो. पंचनाम्यांवरून यादी होते आणि यादीवरून पैसे जातात. मुंबईहून निघालेला पैसा संगणकावरून क्षणात तालुक्याला येतो, पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर तो तलाठ्याच्या पायांनी चालतो. तलाठी चुकला की पैसाही चुकीच्या घरी जातो.

मी धनज भागातला. वडील हंगामात जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला जायचे, आई निंदणाला, म्हणजे तण काढायला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सरकारी कागद सरळ धरून वाचला नव्हता. कारंज्याला बी.ए. झालो ते एका गुरुजींनी परीक्षेची फी भरली म्हणून. हे सांगतो याचं कारण एवढंच, की यादी करणं हे मला कधी हलकं काम वाटलं नाही. ज्या कागदावर आपल्या घरचं नाव कधी नव्हतं, तो कागद आता आपण लिहितो, याचं मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत अप्रूप होतं. आणि तरीही एक यादी मी फार वाईट केली. लिहायचं आहे ते तिच्याबद्दल. गावाचं नाव देत नाही. मंगरूळपीर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. माणसं अजून तिथंच आहेत आणि एकमेकांच्या शेजारी राहतात.

आधी चावडीवाचन म्हणजे काय ते सांगतो. यादी तयार झाली की ती गावासमोर मोठ्यानं वाचायची. कोतवाल आदल्या दिवशी गल्लोगल्ली हाळी देतो. सकाळी माणसं जमतात, तलाठी एकेक नाव वाचतो, गट नंबर, पीक, क्षेत्र. कोणाचं म्हणणं असेल तर तिथंच सांगायचं. बाहेरच्याला हे जुनाट वाटेल. पण मी अनेक कार्यालयीन तपासण्या पाहिल्या आहेत, त्यातल्या एकीतही चावडीवर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांइतकी नजर मला दिसली नाही. “सोयाबीन, एक हेक्टर” असं वाचलं की मागून कोणीतरी म्हणणारच, “तिथं तं तीन सालापासून गवत हाये जी. सोयाबीन कुठून आलं?” मग हशा होतो, ज्याचं नाव असतं तो उगाच टोपी सारखी करतो, आणि मी ती ओळ खोडतो.

एकदा किसनराव नावाचे गृहस्थ वाचनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले.

“साहेब, उद्या माह्यं नाव आलं की जरा हळू वाचजा.”

“का बरं?”

“पोरीचे सोयरे मुक्कामी हायेत. त्यायले मी आठ एकर सांगतले.”

होते तीन. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावापाशी माझा आवाज खरंच खाली गेला. लगेच मागून एकजण म्हणाला, “ऐकू नाई आलं जी. कोनाचं?” आमचा कोतवाल गणपत मोठ्या गळ्याचा. त्यानं उभं राहून सांगितलं, “किसनरावचं. तीन एकर.” लग्न मोडलं नाही. पुढं किसनरावांनीच मला सांगितलं, की सोयऱ्यांनी सांगितलेले बारा एकर प्रत्यक्षात दोन निघाले.

तर अशी ती पद्धत होती. आणि मग कोरोना आला.

टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या गावाच्या नाल्याकाठची बागायत भरात होती. गावापासून शेलूबाजार जवळ, हायवे जवळ, रोज पहाटे जीपा भरून माल जायचा. टमाटे, वांगी, कोबी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या बाईंना हेही सांगावं लागलं. एका दिवसात बाजार बंद झाले, जीपा बंद झाल्या. आठवडाभरात वांगी झाडावर पिवळी पडली, कोबी फुटला, टमाटे जमिनीवर पडून त्यांचा चिखल झाला. माणसांनी वावरात ढोरं सोडली. ढोरंही तिसऱ्या दिवशी टमाट्याला तोंड लावेनात.

त्या नुकसानीसाठी मदत जाहीर झाली आणि पंचनामे तातडीनं मागवले. पंचनाम्यावर आम्हा तिघांच्या सह्या लागतात, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. कृषी सहायकाकडे कितीतरी गावं, ग्रामसेवक बाहेरगावाहून पायी परतणाऱ्यांच्या नोंदी करत शाळेत अडकलेला. दोघंही मला म्हणाले, तुम्ही करा, आम्ही सही करतो. माझं वय छप्पन्न, साखरेचा आजार, आणि घरातून बायको रोज एकच वाक्य बोलायची, “कुठी जाऊ नोका.”

मी गेलो नाही. काही वावरं गाडीरस्त्याला लागून होती ती पाहिली. बाकीच्यांसाठी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला: वावरात उभं राहून फोटो काढा, गट नंबर लिहा, मला पाठवा. फोटो आले. मी सातबारा काढला, फोटो पाहिला, नाव लिहिलं. सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा उतारा. काम झपाट्यानं झालं आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटलं. या वयात मोबाईलवर पंचनामे करतो म्हणून.

चूक नेमकी कुठं झाली ते बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून सांगतो. पंचनाम्याला गेलं की तलाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “हे वावर कोण वाहते?” म्हणजे कोण कसतं. जमीन कोणाची, असं विचारत नाही. ते सातबाऱ्यावर असतंच. आमच्याकडे कितीतरी बागायत मक्त्यानं होते. मालक जमीन आणि विहीर देतो, वर्षाची ठरलेली रक्कम घेतो, आणि भाजी लावणारं कुटुंब वेगळंच असतं. हा व्यवहार तोंडी असतो, कागदावर कुठंच नसतो. तो फक्त धुऱ्यावर कळतो, आणि तोही बहुतेक वेळा शेजारच्या वावरातल्या बाईकडून. त्या मदतीच्या आदेशात एक ओळ होती, की प्रत्यक्ष पीक घेणारा वेगळा असेल आणि मालकाची संमती असेल, तर रक्कम पीक घेणाऱ्याला द्यावी. ती ओळ मी वाचली होती. पण फोनला कोणी धुऱ्यावरचा प्रश्न विचारत नाही, आणि फोटो काढणारा फोन मालकाकडे होता.

यादी झाली. माणसं जमवायला बंदी, म्हणून वाचन नाही. आदेश असा, की यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सात दिवस लावावी आणि हरकती घ्याव्यात. मी खाते क्रमांकांचा रकाना दुमडून यादी नीट चिकटवली, फोटो काढून वर पाठवला, गटावरही टाकला. सात दिवसांत एकही हरकत आली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, “इतकी साफ यादी माझ्या हातून पहिल्यांदा झाली.”

पैसे पावसाळ्यात जमा झाले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी वच्छलाबाई आल्या.

वच्छलाबाई आणि त्यांचे पती पांडुरंग यांचा नाल्याकाठी टमाट्याचा पाऊण एकर होता, बाबारावांच्या विहिरीवर, मक्त्यानं. बाई पन्नाशीच्या. कार्यालयाच्या दारात मी दोरी बांधली होती, तिच्या पलीकडे पदरानं तोंड बांधून उभ्या राहिल्या.

“साहेब, नाल्यावरच्या साऱ्यायचे पैसे आले म्हनते. माह्या टमाट्याचे कुठी गेले?”

मी यादी पाहिली. नाव नव्हतं. गट नंबर विचारला, त्यांना सांगता येईना. बाबारावांची विहीर म्हटल्यावर मला सापडला. टमाटे, पाऊण एकर, बाबाराव.

“तुमच्या मालकाच्या नावानं आले आहेत बाई.”

“त्याच्या नावानं काहून? त्यानं टमाटे लावले काय?”

“सात दिवस यादी भिंतीवर होती. तेव्हा का नाही सांगितलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेगळीच भाषा बोललो.

“कोनती यादी?”

“पंचायतीच्या भिंतीवर. पांढरे कागद होते ना?”

“ते होय? ते तं कोरोनाचे कागद होते. तिकडून जाऊच नोका म्हने सारे. आमी तं रस्ताच बदलला होता.”

मग मला भिंत आठवली. त्या भिंतीवर बंद केलेल्या गल्ल्यांचा नकाशा होता, कोणाच्या घराला चौदा दिवस जायचं नाही त्यांची नावं होती, हात धुवायचं चित्र होतं. त्यांच्या मधोमध मी मदतीची यादी लावली होती. ज्या भिंतीवर आपलं नाव दिसू नये म्हणून गाव देवाला हात जोडत होतं, तिथंच मी त्यांना आपलं नाव शोधायला सांगितलं होतं. हरकत आली नाही यात नवल काहीच नव्हतं.

मी मोबाईल काढून बाबारावांनी पाठवलेला फोटो त्यांना दाखवला. बाबाराव टमाट्याच्या सरीत उभे, धुतलेलं धोतर, हातात गट नंबर लिहिलेली पाटी. बाईंनी दोरीवरून वाकून पाहिलं. त्या बाबारावांकडे पाहतच नव्हत्या.

“हे पाहा, झाडाले कायच्या चिंध्या बांधल्या हायेत. जांभळ्या. ते माह्यं लुगडं हाये. दिवाळीचं घेतलेलं, दोन साल नेसली, मंग फाडून बांधलं. एकेक झाड मी बांधलं हाये साहेब.”

मी फोटो मोठा करून पाहिला. काठ्यांना जांभळ्या पट्ट्या होत्या. त्या मी आधीही पाहिल्या असणार.

त्यांना त्या पैशाची निकड होती आणि ती साधी होती. नव्या सालाचा अर्धा मक्ता पाडव्याला दिलेला होता, उरलेला पोळ्याला द्यायचा होता. नाही दिला तर वावर आणि विहीर दुसऱ्याला जाणार. विहिरीशिवाय भाजी नाही. मग नवरा-बायकोनं दुसऱ्याच्या निंदणाला जायचं किंवा बाहेर. पोळ्याला तीन आठवडे होते.

मी बाबारावांकडे गेलो. बाबाराव वाईट माणूस नव्हता. मला त्यांनी ओसरीवर लांब खुर्ची दिली, लांबूनच चहा ठेवला.

“सातबारा कोनाचा हाये साहेब?”

“तुमचा.”

“यादी लावली होती ना तुमी? गावासमोर?”

“लावली होती.”

“हरकत आली काय एक तरी?”

“नाही.”

“मंग झालं. साऱ्या गावासमोर झालेलं काम हाये. लपून काई नाई.”

माझी यादी, माझी भिंत, माझे सात दिवस, सगळं त्यांनी ढालीसारखं माझ्यापुढे धरलं.

माझ्यावरच्या मंडळ अधिकाऱ्यांना मी फोन केला. ते माझ्यापेक्षा वयानं लहान, पण माझ्याशी आदरानं बोलायचे. म्हणाले, “काका, कशाला उकरता? यादी मंजूर झाली, प्रसिद्ध झाली, हरकत नाही. आता तुम्ही लिहून देणार की पंचनामा जागेवर न जाता केला? निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तुमचं. त्या बाईला बाबारावांकडून समजुतीनं थोडेफार मिळवून द्या आणि मिटवा.”

सल्ला माझ्या भल्याचा होता. दोन दिवस मी तो घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी गणपतला म्हणालो, “हाळी दे. शुक्रवारी सकाळी यादी वाचायची आहे.”

“वाटप झालं ना साहेब?”

“झालं. तरी वाचायची.”

तोवर थोड्या माणसांना अंतर ठेवून बसायची मुभा मिळाली होती. गणपतनं शाळेच्या मैदानात चुन्याचे गोल आखले, एका गोलात एक माणूस. पोरांच्या खेळासारखं दिसत होतं. माणसं तोंड बांधून आपापल्या गोलात बसली, काही कुंपणाच्या बाहेर उभी राहिली. बाबाराव पुढच्या रांगेत होते. वच्छलाबाई शेवटच्या, बायकांच्या रांगेत.

सुरुवात करण्याआधी मी सांगितलं, “ही यादी मी तयार केली आहे. यातले बरेच पंचनामे मी वावरात न जाता, फोनवरून केले. तसं करायला नको होतं. आता वाचतो. ज्याचं त्यानं बोलावं.” तोंडाला रुमाल होता ते बरं झालं.

वाचत गेलो. दोन नावांवर लोक बोलले, दोन्ही क्षेत्राबद्दल. मग आलं, “बाबाराव. टमाटे. पाऊण एकर.”

कुंपणाजवळून एक म्हातारी, जिला गावात सगळे काशीमाय म्हणतात, म्हणाली, “कोन बाबाराव? हा आपला?”

“हो माय.”

“त्याले टमाटा झाडाले येते का जमिनीत, हे तरी माईत हाये काय?”

मैदान हसलं. हसू रुमालांच्या आतून येत होतं, त्यामुळे कोण हसलं ते कळत नव्हतं, आणि म्हणून लोक जास्तच हसले. बाबाराव उभे राहिले. मला वाटलं निघून जातील. पण ते वळून गावाकडे तोंड करून उभे राहिले.

“हासा. पैसे माह्या खात्यात आले, खरं हाये. टमाटे तिचे होते, हेबी खरं हाये. मी तिचे पैसे खानार नाई. आजच काढून देतो, हातात. पन कागदावर तिचं नाव नोको. माह्या बापाचं खालचं वावर असंच गेलं. एका सालाची वाहिती लिहून घेतली कोनीतरी, आन् मंग आमी कोर्टात फिरत राह्यलो. बाप त्या फिरण्यातच गेला. पैसे ने बाई. नाव नोको.”

हे मैदानातल्या बऱ्याच जणांना पटलं. माना हलल्या. मक्त्यानं देणारे पुढच्या गोलांत बसले होते आणि मक्त्यानं करणारे मागं, हे मला तेव्हाच दिसलं. कसणाऱ्याचं नाव एकदा कागदावर आलं की तो कुळाचा हक्क सांगेल, ही भीती आमच्याकडे जुनी आहे. बाबाराव खोटं बोलत नव्हते.

सगळ्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. पांडुरंग त्यांच्या पुढच्याच गोलात होते, ते मागं वळून हळूच म्हणाले, “घे ना, घेऊन टाक. पोळा आला.”

प्रश्न तिथंच सुटत होता. पैसे मिळत होते, वावर टिकत होतं, बाबारावांचा मान राहत होता. माझीही सुटका होत होती, हे का लपवू? कागद बदलायचा नसेल तर माझी चूक मैदानातच राहणार होती, वर जाणार नव्हती. मी मनात म्हणत होतो, घ्या बाई.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

“बाबारावभाऊ, तुमी देसान, मले मालूम हाये. आज देसान. पुढच्या साली गार पडली, तवाबी तुमच्या मनात आलं तं देसान. तुमच्या पोराच्या मनात आलं तं तो देईन. मी दरसाली तुमच्या ओसरीवर येऊन बसू काय?”

“मंग काय वावर लिहून देऊ तुले?”

“वावर कोनं मांगतलं? वावर तुमचं. माह्यं नाव वावरावर नोका लिहू. टमाट्यावर लिहा.”

काशीमाय म्हणाली, “बरोबर बोलली.” मग थोडा वेळ नुसती कुजबुज होती. बाबाराव खाली पाहत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, “असं लिहिता येते काय साहेब?”

मला खात्री नव्हती. असा रकाना कुठल्याच नमुन्यात नव्हता. पण मला लिहिता येत होतं, आणि लिहायला शिकवण्यासाठी माझ्या गुरुजींनी फी भरली होती. मी मैदानातच वहीवर मजकूर केला: सदर गटातील जमीन व विहीर बाबाराव यांच्या मालकीची असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, गेल्या हंगामात त्यात टमाटे हे पीक वच्छलाबाई यांनी स्वतः लावले, जोपासले, आणि नुकसान त्यांचे झाले, मदत त्यांना देण्यास मालकाची संमती आहे. मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबारावांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. “त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही” हे वाक्य तिसऱ्यांदा. मग सही केली. वच्छलाबाईंनी अंगठा दिला. काशीमायलाही साक्षीदार म्हणून अंगठा द्यायचा होता, तो घेतला.

बाकीचं थोडक्यात. कागद वर गेला तसा माझा खुलासाही मागवला गेला. पंचनामा जागेवर न करता केल्याबद्दल एक वेतनवाढ रोखली. ते योग्यच होतं, मी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. बाबारावांच्या खात्यातली रक्कम परत घेऊन वच्छलाबाईंच्या खात्यात जायला पोळा उलटून गेला. तेवढे दिवस बाबाराव मक्त्यासाठी थांबले. थांबले पण रोज कोणाला तरी सांगत राहिले, की मी थांबलो आहे.

आता मी निवृत्त आहे. याद्या फोनवर येतात, कोणीही कुठूनही बघू शकतो. माझ्या मुलीनं पुण्यात बसून मला आमच्या धनजची यादी दाखवली. चांगलं आहे. आमच्या काळात एखादी यादी दाबून ठेवणं सोपं होतं, आता अवघड आहे. पण दुरुस्त यादी लावली त्या दिवशी काय झालं, ते मला अशा वेळी आठवतं.

या वेळी मी ती पंचायतीच्या भिंतीवर लावली नाही. पिठाच्या गिरणीच्या दाराशेजारी लावली, कारण तिथं बायका दळणाचा नंबर येईपर्यंत उभ्या असतात. वच्छलाबाई डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, “कुठी हाये?”

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, मग मागं सरकून पाहिलं.

“वाचा.”

मी वाचलं. नाव, पती, पीक टमाटे, पाऊण एकर. त्यांनी मान हलवली. मी निघालो.

“थांबा ना. सारी वाचा.”

“सगळी?”

“मले कुठी वाचता येते?”

मग मी वरपासून खालपर्यंत वाचली. गिरणीचा आवाज होता म्हणून ओरडून वाचावी लागली. दळणाच्या रांगेतल्या बायका ऐकत होत्या. संपल्यावर वच्छलाबाईंनी विचारलं,

“सखूचं नाव काहून नाई आलं? तिचे वांगे होते, नाल्याच्या पल्ल्याड.”

सखू त्यांच्याच वस्तीवरची, मक्त्यानंच करणारी. मैदानात त्या दिवशी तीही होती, शेवटच्या गोलात.

“ती बोलली नाही त्या दिवशी,” मी म्हणालो.

“तिचा मालक पुढं बसला होता. कशी बोलन?” त्यांनी डबा दुसऱ्या काखेत घेतला. “तुमी इचारलं होतं काय तिले?”

सखूच्या मालकानं शेवटपर्यंत संमती दिली नाही, हे इथंच सांगून टाकतो. तिचं नाव त्या यादीत आलं नाही. मी तिचा पंचनामा करून दप्तराला लावला, तेवढंच माझ्या हातात राहिलं, आणि ते पुरेसं नव्हतं.

पण त्या सकाळी मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, तसं मी वच्छलाबाईंना सांगितलं. त्यांनी दळणाचा डबा रांगेत ठेवला, पुढच्या बाईला त्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, “चाला मंग. पायताण चांगलं हाये ना? तिकडे चिखल हाये.”

आम्ही नाल्याच्या दिशेनं निघालो. त्या पुढं, मी मागं. पल्याड गेल्यावर सखू दुसरं काहीतरी लावत वाकलेली दिसली. मी धुऱ्यावर उभा राहिलो, वही उघडली आणि विचारलं, “हे वावर कोण वाहते?”